किडनीच्या गोळ्या आणि कानावरची खपली

भावाला मी किडनी दिली, त्याला सहा वर्षं झाली. तो सोयगावकडं शेती करतो, मी शहरात, गारखेड्यात राहते. तपासणीला आला की आमच्याकडंच उतरतो. गेल्या उन्हाळ्यात किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, सगळं छान आहे म्हणाले आणि चिठ्ठी दिली: त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून या.

"खाज नाय, गजकर्ण नाय. तिथं जाऊन काय दाखवू?" भाऊ रिक्षात हेच विचारत होता. मला तरी कुठं ठाऊक होतं?

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सदरा काढायला लावला तसा पन्नाशीचा माझा भाऊ लाजून माझ्याकडं बघायला लागला. मी तोंड फिरवलं. दिवा लावलेल्या भिंगातून त्यांनी मान, पाठ, बोटांच्या बेचक्या, तळपायसुद्धा निरखले आणि उजव्या कानाच्या कडेवर थांबल्या.

"काका, हे कधीपासून आहे?"

"ते व्हय? उन्हानं झालंय. खपली धरती, म्या काढतो, परत येती. वरीस झालं आसंल."

वर्षभर! या वर्षात तो किती वेळा माझ्यासमोर बसून जेवला, आणि मला ते दिसलं नव्हतं.

कानाचा बारीक तुकडा तपासायला गेला. आठवड्यानं रिपोर्ट आला. डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "कॅन्सर आहे, पण अगदी सुरुवातीचा. वरच्या थरातच आहे."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. मनात एकच आलं आणि ते तोंडातून निघूनही गेलं, "माझ्या किडनीतून तर नाही ना आला?"

"नाही हो ताई. शरीरानं किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून आपण गोळ्यांनी त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवतो. मग बिघडलेल्या पेशींशीही ते नीट लढत नाही. त्यात यांचं सगळं आयुष्य उन्हात गेलेलं. म्हणून तर अशा पेशंटची त्वचा तपासायची असते."

"मग गोळ्या बंद करा की," भाऊ म्हणाला.

"बंद केल्या तर किडनी जाईल."

जगवणारी गोळी तीच आणि हे करणारीही तीच. मी त्याला नेमकं काय दिलं होतं?

कानाची जागा बधिर करून त्यांनी तेवढा भाग कापून काढला. चार टाके पडले. दुसऱ्या तपासणीत कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं: टोपीनं कान झाकले जात नाहीत, म्हणून रुमाल बांधायचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, दुपारचं शेतात जायचं नाही, दर सहा महिन्यांनी यायचं.

"दुपारचं नाय म्हणल्यावर कापूस कोण येचंल?" भाऊ पुटपुटला, पण निघताना रुमाल बांधला.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा नवीन काही सापडलं नाही. तो मधेच डॉक्टरांना म्हणाला, "माझ्या अक्काला बी बघा. दोघांचं एकच हाय आता."

"त्यांना या गोळ्या नाहीत, काका. गरज नाही."

तरी मी दंडावरचा तीळ दाखवलाच. त्यांनी भिंग लावून पाहिलं. साधा तीळ होता. बाहेर आल्यावर भाऊ हसत सुटला. मलाही हसू आलं, पण डोळे का भरले ते काही कळलं नाही.