गार्डकाकूंची कोरफड

गार्डकाकूंना मी बसलेलं एकदाच पाहिलं. झाशीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये त्यांचं दार आमच्या दाराला लागून. चहा त्या उभ्यानेच घ्यायच्या, गहू निवडता निवडता उठून फाटकापर्यंत जाऊन यायच्या. गार्डकाका मालगाडीवर गेले की येरझारा वाढायच्या. "बसले की नको नको ते मनात येतं गं," म्हणायच्या.

अशा बाईने कोरफड लावावी, हेच मुळी नवल. कोरफडीला माणसाची सततची लुडबुड सोसत नाही, थंडीत तर मुळीच नाही. पण ती साताऱ्याची, माहेरची. त्यांच्याकडे सासरी निघालेल्या मुलीला आईच्या कोरफडीचं पिल्लू द्यायची रीत होती. झाशीच्या हिवाळ्यात ती तगावी म्हणून काकूंनी दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगत उंच वाफा केला, पाणी साचू नये म्हणून मातीत इंजिनाच्या कोळशाची जळकी खडी मिसळली. दिवाळीनंतर पाणी बंद. संध्याकाळी गोणपाट पांघरायचं, उन्हं आली की काढायचं. हे सगळं मला शिकवता शिकवताच त्या झारी उचलायच्या. मी नुसतं पाहिलं की "हात धुतेय गं" म्हणून खाली ठेवायच्या.

त्यांच्या शालनचं लग्न फाल्गुनात ठरलं होतं. पौषात धुकं असं दाटलं की गाड्यांचा पत्ता लागेना. काकांची मालगाडी कुठेतरी अडकलेली, स्टेशनातून धड निरोप नाही. काकू सकाळपासून फाटकाशी. तेवढ्यात चिरगावचा दूधवाला म्हणाला, "काकीजी, आज पाला परहै. हम तो खेत में पानी दै रए, फसल बच जात." पाला म्हणजे तिकडे गोठलेलं दव. मटाराच्या शेतासाठी त्याचं बरोबरच होतं. काकूंनी मात्र लगेच बादली उचलली आणि वाफा भिजवून टाकला.

"काकू, नको ना," मी म्हणाले.

"काहीतरी करू दे गं मला."



काका दुसऱ्या दिवशी सुखरूप आले. कोरफड मात्र उकडल्यासारखी मऊ पडली, पिल्लांसकट. काकू वाफ्याशी मटकन बसल्या. "माझी पोर रिकाम्या हातांनी जाणार," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

काकांनी दारावर उलटी टांगलेली कोरफड सोडून आणली. दृष्ट लागू नये म्हणून दसऱ्याला त्यांनीच ती त्या वाफ्यातून उपटून बांधली होती, आणि काकू त्यावरून त्यांना चिडवत आल्या होत्या. ना माती, ना पाणी. पानं सुरकुतलेली, पण गाभा हिरवा.

"हिच्यापर्यंत तुझा हात पोचत नव्हता," काका म्हणाले.

काकूंनी रागाने पाहिलं, मग हसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. शालन तीच घेऊन सासरी गेली.

काका निवृत्त झाल्यावर दोघं साताऱ्याला निघाली. शालनकडून मागवलेलं एक पिल्लू काकूंनी स्टेशनवर माझ्या हातात ठेवलं. गाडी हलली तरी त्या डब्याच्या दारात उभ्याच. "थंडीत पाणी देऊ नकोस. राहवणार नाही, तरी देऊ नकोस."

काकू गेल्याचं साताऱ्याहून कळलं, ती अशीच धुक्याची सकाळ होती. घरात जीव लागेना. झारी भरून मी त्यांच्या पिल्लासाठी केलेल्या वाफ्यापर्यंत गेले, गोणपाट जरा सारखं केलं. बराच वेळ तिथे उभी राहिले आणि भरलेली झारी तशीच घेऊन आत आले.