सिंधुबाईंच्या गाडीचा दिवा

माझ्या वहीत रोज आधी तिथी लिहिते आणि मग त्या दिवशी देवाला कोणती फुलं वाहिली ते. आज शेवंती आणि तुळस. अकरा वर्षांच्या वह्या काढून बघितल्या तर त्यातलं जवळजवळ प्रत्येक फूल सिंधुबाईंच्या टोपलीतून आलेलं आहे. पण खुद्द सिंधुबाईंबद्दल चार ओळीसुद्धा कुठे नाहीत. म्हणून आज वरणभाताचा कुकर लवकर लावला आणि लिहायला बसले.

सिंधुबाईंचा मळा दिंडोरी रस्त्यावर, आमच्या म्हसरूळपासून पाचसहा किलोमीटर पुढे. वीस गुंठ्यांत शेवंती, झेंडू, कडेने गावठी गुलाब. त्यांचे मालक केरूभाऊ यांची नजर अधू झाली तशी ते घरी बसून हार गुंफतात. बोटांनी चाचपून गुंफतात, पण हार असा सरळ उतरतो की डोळसाला लाज वाटावी. फुलं शहरात आणायचं काम सिंधुबाईंचं. वीस वर्षं त्यांनी ते एसटीने केलं, मांडीवर टोपली आणि कंडक्टरशी जागेवरून भांडण. आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे. त्या खालून "ताई, पिशवी" म्हणून हाक मारायच्या, मी गॅलरीतून दोरीने पिशवी सोडायची, त्या पुडी टाकायच्या की मी वर ओढायची.

मग सकाळची ती बसच बंद झाली. यंदाच्या दिवाळीत त्यांच्या घरात पांढरी स्कूटर आली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी सिंधुबाई गाडी शिकल्या. शिकवलं कोणी, तर सुनेने. हर्षाली पंचवटीत एका दवाखान्यात कामाला जाते, तिच्याकडे लायसन आहे. सून सासूवर ओरडतेय आणि सासू मुकाट ऐकतेय, हे बघायला शेजारच्या बायका बांधावर येऊन उभ्या राहायच्या, असं सिंधुबाईंनीच हसत सांगितलं. शिकाऊ लायसन निघालं. ते असताना मागे लायसनवालं माणूस बसलेलं लागतं, म्हणून रोज सकाळी पुढे सासू, मागे सून, दोघींच्या मध्ये फुलांची टोपली.

पण नवनाथला, म्हणजे त्यांच्या मुलाला, नांदगावला नोकरी लागली होती. संक्रांत झाली की तो आणि हर्षाली तिकडे जाणार. त्याआधी पक्कं लायसन हातात पडलं नाही तर गाडी ताडपत्रीखाली जाणार आणि फुलं मळ्यातच राहणार. परीक्षेची तारीख डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारची मिळाली होती.

एवढं सगळं जमत आलेलं असताना मी मध्ये पडले.

त्यांच्या गाडीचा पुढचा दिवा दिवसाढवळ्या चालू असायचा. समोरून येणारा प्रत्येक जण हात वर करून बोटं मिटायचा, उघडायचा; दिवा चालू राहिलाय, बंद करा. ट्रॅक्टरवाले करायचे, शाळेच्या रिक्षावाले करायचे. केरूभाऊंनी त्यावर थट्टा केली होती की फुलवालीलाच लोक कळ्या उमलवून दाखवतात. पण सिंधुबाईंना ते लागायचं. आपल्याला गाडी येत नाही, हे गावभर दिसतंय असं त्यांना वाटायचं. नाक्यावरच्या डेअरीवाल्याने तर एकदा चारचौघांत विचारलं, "बाई, दिवसा कसले दिवे लावता?" सगळे हसले. त्या दिवशी त्यांनी माझ्या पिशवीत शेवंतीऐवजी झेंडू टाकला, इतकं त्यांचं चित्त उडालं होतं.

हर्षाली सांगत होती की नवी गाडी अशीच येते, हा दिवा बंद करायचा नसतो. पण मीही वरून रोज सांगत होते की सिंधुबाई, दिवा चालू आहे, बॅटरी उतरेल. दिवस उजाडला की घरातला दिवा मालवायचा, हे मी आईच्या हाताखाली शिकले. उजेडात दिवा जाळणं म्हणजे उधळपट्टी. सिंधुबाईंचंही तेच म्हणणं.

"सून खोटं नाय बोलत," त्या म्हणाल्या, "पण अख्खा रस्ता खोटा कसा आसंल, ताई?"

मला ते पटलं. हर्षाली नको म्हणत असतानाही मीच दोघींना आमच्या कोपऱ्यावरच्या मुस्तकीमभाईंच्या गॅरेजवर घेऊन गेले आणि दिव्याला बटण बसवून द्या म्हटलं. मुस्तकीमभाईंनी हात पुसत नाही म्हटलं. एप्रिल २०१७ पासून ज्या नव्या दुचाक्या येतात त्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तसा कायदाच आहे, आणि त्याने बॅटरी उतरत नाही, असं त्यांनी समजावलं. मला वाटलं, छोटं काम आहे म्हणून टाळताहेत. आम्ही पुढे गेलो. रस्त्याकडेला एका पोराने दहा मिनिटांत बटण बसवून दिलं. येताना सिंधुबाईंनी दिवा बंद केला आणि त्या दिवशी एकाही माणसाने बोटं दाखवली नाहीत. किती समाधान होतं त्यांच्या चेहऱ्यावर! मी वहीत लिहिलंसुद्धा, "आज एक चांगलं काम झालं."

त्यानंतरचा शनिवार. मी मारुतीला तेल घालून परत येत होते. साडेसात वाजले होते, म्हणजे उजाडलेलं होतं. पण धुकं असं होतं की रस्त्याच्या पलीकडचं माझ्या ओळखीचं किराणा दुकान दिसत नव्हतं. दोन पांढरे ठिपके लांबून येताना दिसले. दुधाची गाडी. मी थांबले, तिला जाऊ दिलं. पुन्हा बघितलं, काही नाही. नुसता पांढरा पडदा. मी पाऊल टाकलं.

रस्त्याच्या मध्यावर पोचले आणि माझ्यापासून दोन हातांवर सिंधुबाईंचा चेहरा आला. त्यांनी ब्रेक दाबला, हँडल वळवलं, गाडी घसरली. हर्षाली मागून उडी मारून उभी राहिली, तिला काही झालं नाही. मलाही नाही. सिंधुबाईंचं कोपर सोलवटलं आणि सगळी शेवंती डांबरावर पसरली.

सिंधुबाई बसल्या जागेवरून मलाच विचारत होत्या की लागलं का. हर्षालीने आधी सासूला उठवलं, गाडी कडेला घेतली, मग खाली बसून फुलं गोळा करायला लागली. तिने आवाज चढवला नाही.

"काकू, दुधाची गाडी दिसली होती ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं. तिने गाडीच्या बंद दिव्याकडे बघितलं आणि पुन्हा फुलं वेचायला लागली.

कोपराला हळद लावून, चहा पाजून, मी दोघींना घेऊन पुन्हा मुस्तकीमभाईंच्या गॅरेजवर गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि हात बटणाची वायर सोडवत होते. वायर काढून झाल्यावर म्हणाले, "भाभी, दिवसा हा दिवा चालवणाऱ्याला रस्ता दिसावा म्हणून नसतो. तुम्हाला ही गाडी दिसावी म्हणून असतो."

घरी येऊन देवघरापुढे बसले. नवरात्रात माझा अखंड दिवा नऊ दिवस जळतो, भर दुपारीसुद्धा. सप्तशृंगीला काय माझ्या समईच्या उजेडात दिसायचं असतं? तो दिवा माझ्यासाठी असतो, माझं लक्ष तिच्याकडे राहावं म्हणून. इतकी वर्षं वात सारत आले आणि एवढं कळायला मला गॅरेजमध्ये जावं लागलं. वहीतली ती "चांगलं काम" वाली ओळ मी खोडली नाही. राहू दे.

मंगळवारी मी त्यांच्याबरोबर परीक्षेला पेठ रोडच्या आरटीओत गेले. नको म्हणाल्या, तरी गेले. सिंधुबाईंच्या कोपराला पट्टी, कमरेला पदर घट्ट खोचलेला. हर्षालीला त्यांच्या हाताची काळजी होती, मला माझ्या पापाची. साहेबांनी खुणांच्या पाट्या विचारल्या, इंडिकेटर लावून बघितला. मग समोर येऊन म्हणाले, "मावशी, दिवा दिवसाच लावलाय?"

मला वाटलं, झालं, आता या पुन्हा गोंधळणार.

"तो लावावा लागत नाय साहेब," सिंधुबाई म्हणाल्या. "गाडी चालू केली की लागतो. तुम्हाला मी लांबून दिसावी म्हणून हाय तो."

साहेबांनी मान डोलावली आणि जमिनीवर आखलेल्या आठाच्या आकड्याकडे हात केला. सिंधुबाईंनी आठ काढला. हळू काढला, ओठ हलत होते, काय पुटपुटत होत्या देव जाणे. पण पाय कुठे टेकला नाही. बाहेर आल्यावर हर्षालीने सासूच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. सिंधुबाई म्हणाल्या, पोरी, नजर तुझी काढायला पायजे, शिकवलं तू.

संक्रांतीनंतर मुलं नांदगावला गेली. आता सिंधुबाई एकट्या येतात. समोरचे अजूनही बोटं मिटून उघडून दाखवतात, आणि त्या हात हलवून रामराम करतात. डेअरीवाल्याला त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं म्हणे. आता तो दुसऱ्यांना समजावतो.

आज सकाळीही धुकं होतं. दूध गॅसवर ठेवून मी गॅलरीत आले. दिंडोरीच्या बाजूने पांढऱ्या पडद्यात एक बारीक ठिपका दिसला, वाढत वाढत आला. मी पिशवी दोरीला बांधली आणि खाली सोडली. हाक मारायची वेळच आली नाही.