गेल्या वर्षीची काडी

मला पायांची किळस आहे. लहान मुलांच्या पायांची तर फारच. तरी नातवंडांच्या पायांचं माप मी दर दोन-तीन महिन्यांनी घेते, नखं सरळ कापते, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करते. घरातले म्हणतात, आजीला केवढी हौस! हौस कसली डोंबलाची? नाक मुरडतच करते.

सत्तरच्या दशकात आम्ही तीर्थपुरीला राहायचो. वडील शाळामास्तर. त्यांच्या लहानपणी आमच्या माणसांना गावातून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. म्हणून आपली पोरं अनवाणी शाळेत जाणार नाहीत, हा त्यांचा हट्ट. दर जूनमध्ये ते जुन्या जालन्यातून आमचे बूट आणत. मापासाठी सोबत काड्या नेत. पाय जमिनीवर टेकवायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत ज्वारीचं धाट लावायचं आणि वाढीचं एक बोट जास्त धरून मोडायचं. धाकट्या बहिणीचं माप घेणं माझ्याकडे होतं.

ती सहा वर्षांची, मी बारा. दिवसभर पाणवठ्याच्या राडीत खेळायची. बोटांच्या मधे चिखल्या, पांढरी भिजकी कातडी, नखांत शेण, आणि नासक्या दुधासारखा वास. शी! त्या वर्षी मी तिच्या पायाला हात लावलाच नाही. कोनाड्यात गेल्या वर्षीची काडी पडली होती, तीच वडिलांना दिली.

“माप बराबर घेतलं ना गं?”

“बराबर हाय, आबा.”

बूट आले. वडिलांनी खाली बसून स्वतः तिच्या पायात चढवले, नाडी बांधली. पाय आत जायला वेळ लागला.

“चावतो का?”

त्यांचा खुललेला चेहरा बघून ती म्हणाली, “न्हाई.”

पावसाळाभर ती तेच ओले बूट घालून शाळेत गेली. लंगडायला लागली तेव्हा मी तिला नाटकी म्हटलं. पायांची घाण येते म्हणून तिला माझ्या गोधडीत घेईना. शेवटी एका रविवारी आईनं तिला ओट्यावर बसवून बूट ओढून काढले. मोजा कातडीला चिकटला होता. बोटं एकमेकांवर चढलेली. अंगठ्याचं नख काळं पडून कडेनं मांसात घुसलेलं, दाबलं की पिवळा पू यायचा. मला कोरडी ओकारी आली.

वडिलांनी नवं धाट तिच्या पायाला लावून मोडलं आणि जुनी काडी शेजारी धरली. दीड बोट आखूड भरली.

“हे माप कुणी घेतल्तं?”



“ताईनंच,” धाकटी रडत म्हणाली. “म्याच पाय आखडून धरल्ता, आबा. तिला वास येतो म्हून.”

वडिलांना ते खरं वाटलं. माप घेतलंच नव्हतं, हे आम्हां दोघींनाच माहीत होतं, आणि मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला माझीच शिसारी आली. आजही येते.

आईनं मिठाच्या कोमट पाण्याचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. मी पाय हातात घेतला, तशी ती तो मागे ओढायला लागली.

“ताई, लई घाण येती का गं?”

“न्हाई,” मी म्हणाले, आणि तिच्या बोटांच्या बेचक्यांत बोटं घातली.