आजी सोशीक नव्हती

आजी गेली तेव्हा गावच्या फाट्यावर तिच्या फोटोचा बोर्ड लागला. त्यावर लिहिलं होतं : 'प्रेमळ, सोशीक, सात्त्विक'. प्रेमळ ती होती. बाकीच्या दोन शब्दांवर माझी हरकत आहे. ती सोशीक असती तर आमचं घर उभंच राहिलं नसतं, आणि सात्त्विक माणसाला इतक्या शिव्या येत नाहीत.

आमचं गाव कुरुंद्यापासून जवळ. आजोबा साप चावून गेले तेव्हा माझे वडील रांगत होते आणि आत्या जेमतेम चार वर्षांची. तेरावा झाला आणि आजीचे मोठे दीर ओसरीवर येऊन म्हणाले, "तू घरात बस. तुझ्या वाटणीचं रान आमी बघतो. लेकरायला कमी पडू देणार न्हाई."

आजी आतूनच म्हणाली, "रान माझं, बैलं माझी. तुमी काहून तकलीफ घेता?"

बाईनं खुरपावं, वेचावं, पण औताला हात लावू नये, अशी तेव्हा रीत. बाईनं औत धरलं की पाऊस रुसतो म्हणायचे. आजीनं काष्टा आवळला आणि औत धरलं. पहिल्या वर्षी तिची तासं अशी वाकडी आली की लोक बांधावर उभे राहून हसले. नेमका त्याच साली पाऊस लांबला. मग पारावर बसणाऱ्या माणसांनी तिला बोलावून घेतलं.

"तुझ्यामुळं गावावर ही वेळ आली," एक जण म्हणाला.

आजीनं विचारलं, "वसमतला पडला का?"

"न्हाई."

"औंढ्याला?"

"तिथंबी न्हाई."

"मग तिथल्या बायांनीबी औत धरलं व्हतं काय?"

ती थेट रानात गेली. ही गोष्ट तिनं मला इतक्यांदा सांगितली की पारावरच्या त्या माणसांचे चेहरे मला पाहिल्यासारखे आठवतात.

पुढं कालव्याचं पाणी आलं आणि तिनं हळद लावली. लहानपणी हळद शिजवायच्या दिवसांत मी तिच्या मागं मागं असायची. मोठ्या कढईखाली पाचट ढकलत ती धुरात उभी राहायची. शिजलेलं हळकुंड दोन बोटांत दाबून बघायची आणि म्हणायची, "काढा." तिचा अंदाज चुकायचा नाही. तळहाताच्या रेषा कायमच्या पिवळ्या झाल्या होत्या.

आणि अशा बाईला लग्नाच्या हळदीत जागा नव्हती, कारण ती विधवा होती. आत्याच्या लग्नात हळद आजीच्या रानातली, दळलेलीही तिनंच. पण नवरीला लावली ती पाच सवाष्णींनी. आजी आतल्या खोलीत पत्रावळी मोजत बसली. हे मला आत्यानं सांगितलं. आजी त्याबद्दल कधी बोलली नाही.

बोलली ती थेट माझ्या लग्नात. मी पाटावर बसले होते. बायका गोळा झाल्या होत्या, आजी दाराशी उभी होती. एकदम ती पुढं आली आणि तिनं हळदीच्या वाटीला हात घातला. आजीच्या पुतण्याची बायको, माझी एक चुलती, घाईघाईनं म्हणाली, "अत्याबाई, तुमी नका. पोरीच्या संसाराचा प्रश्न हाय."

"कोणता प्रश्न?" आजी म्हणाली. "सवाष्णींनी लावली व्हती मलाबी. चांगली पाच जणींनी. तरी माझा नवरा गेलाच की."

आजीनं वाटी आपल्याकडं ओढली.

"लेकीच्या लग्नात म्या गप बसले," ती पुढं म्हणाली. "ते मला आजपस्तोर सलत राहिलं. आता न्हाई बसणार. पोरी, तुला चालतंय का?"

"व्हय," मी म्हणाले. पाटाकडं बघत म्हणाले, हे कबूल करते. मी तिच्याइतकी धीट कधीच नव्हते. तिनं माझ्या गालाला, कपाळाला, पायाला हळद लावली. हात इतका खरबरीत की गाल चुरचुरला. सासरकडच्या दोघी उठून गेल्या. सासूबाई त्यावरून दोन वर्षं टोमणे मारत राहिल्या. मारू देत. माझा संसार इतरांच्या संसारासारखाच चालला आहे, कधी बरा, कधी कुरकुरत. त्यात हळदीचा काही दोष नाही.

शेवटच्या वर्षी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी तिला नांदेडला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता बसूनच राहावं लागेल. चार महिन्यांनी ती वॉकर ढकलत बांधापर्यंत गेली आणि तिथून मला फोन लावायला लावून म्हणाली, "सांग तुझ्या डाक्टरला."

त्याच दिवसांत एकदा तिनं माझ्या वडिलांना जवळ बसवलं. आमच्याकडं दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली असं धरतात. मग नातेवाईक हात जोडून काहीबाही कबूल करत बसतात. आजी म्हणाली, "माझ्या येळेला कायबी कबूल करू नका. माझं कायबी राहिलं न्हाई. कावळा न्हाई आला तर समजा, त्याला भूक नसंल."

दहाव्याला आम्ही नदीवर होतो. ऊन चढलं. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, खाली एकही उतरेना. चुलत काका हात जोडून म्हणाले, "काकू, नातवाचं लगीन यंदाच करतो." कावळे हलले नाहीत. मग दुसऱ्यानं मंदिराला घंटा द्यायचं कबूल केलं. सगळे वडिलांकडं बघू लागले. माझे वडील कमी बोलणारे, चारचौघांत मान खाली घालणारे. आयुष्यभर त्यांच्या वाटचंही आजीच बोलली.

ते उठले. "बास करा," म्हणाले. "माझ्या मायची इच्छा राहिली न्हाई. मला तिनं सांगितलंय."

"अरं, पण रीत—"

"रीत ऱ्हाऊ द्या."

त्यांनी पिंड उचलला, काठावर चरणाऱ्या गाईपुढं ठेवला आणि हात धुतले. कुणी तरी मागं पुटपुटलं, पण अडवलं कुणीच नाही. चढ चढून वर आल्यावर त्यांचे डोळे वाहताना मी पाहिले. रुमालानं तोंड पुसून ते मला म्हणाले, "चल बाई लवकर. तीनला लाईट येती, मोटर चालू करायची हाय."