मसुरीचा पडदा

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. दिवाळीनंतर दवनीवाड्याच्या मंडईच्या जत्रेत मी फोटोचा तंबू लावायचो. मागे बर्फाच्या डोंगरांचा पडदा. कोपऱ्यात पेंटरने ‘मसुरी’ लिहिलेलं. तो तिथे कधी गेला नव्हता, मीही नाही.

एक शेतकरी बायकोला जवळजवळ उचलूनच आत घेऊन आला. तिच्या अंगात लुगडं पेलण्याचंही बळ नव्हतं. गिऱ्हाइकांसाठी टांगलेला माझा कोट त्याने काढला, तिला चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

“तिथं थंडी राहते म्हणते,” तो म्हणाला. मग हळूच, “डाक्टर सांगते, इले पहाडावर ने. आपल्याच्यानं एवढंच होते जी.”

ती पडद्याकडे तोंड करून लांब श्वास घेत राहिली. मग खुर्चीत बसली. “हलू नका,” मी दोनदा खेकसलो. खोकला काही थांबेना. तसाच फोटो काढला.

महिन्याभराने फोटो न्यायला तो माझ्या गोंदियाच्या दुकानात एकटाच आला. डोकं भादरलेलं. मी फोटो त्याच्यापुढे ठेवला. फोटोत डोंगर लख्ख उठले होते. कोटाच्या वर तिचा चेहरा पुसून गेलेला.

बिघडलेला फोटो मी मागे घेऊ लागलो.

“राहू द्या जी. पहाडावर गेली होती, एवढं तं दिसते.”