धुळ्यापासून लांब

प्रल्हाद गेल्याचा फोन खताच्या दुकानात आला. दुकानदार निरोप घेऊन आला तेव्हा मी अंगण झाडत होते. ऐकल्याबरोबर आधी हातातला झाडू मागे लपवला... का, ते मलाच ठाऊक. सव्वा महिना झाला. चौथी शिकलेली बाई मी, पण बोलायला कुणी नाही म्हणून या वहीत लिहिते.

प्रल्हाद माझा धाकटा भाऊ, धुळ्याला मास्तर. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि माझी एक जुळली. मुंबईला ऑपरेशन झाल्यावर म्हणाला, “अक्का, आते मना पोटमा तूच शे. भूक लागनी ते तुलेच सांगसू!” टाके दुखेपर्यंत हसलो.

सुट्टी देताना डॉक्टर भरभर बोलले. औषधांनी याची ताकद कमी होईल, साधी बुरशीसुद्धा जिवावर बेतेल, आणि याला धुळ्यापासून लांब ठेवा. मी असंच ऐकलं. वाटलं, हायवेचं गाव, ट्रकांचा धूर, शाळेतली पोरं... बरोबरच असेल. पुन्हा विचारायला मोठ्या माणसासमोर माझी जीभ उचलली नाही. त्याची बायको सुमन तेव्हा औषधं आणायला गेली होती. तिनं धुळ्याची खोली चुन्यानं रंगवून खिडक्यांना जाळ्या लावल्या होत्या. तरी तिनं माझं ऐकलं, कारण किडनी माझी होती. प्रल्हाद म्हणाला, “डाक्टरले मनं गाव आवडनं नई वाटस!”

मी त्याला रावेरकडच्या माझ्या गावी आणलं. ओसरीत खुर्ची टाकली. समोरच कडब्याच्या कुट्टीची खोली. कुट्टी पावसात भिजून करडी पडली होती. रोज सकाळी बैलांसाठी ती उपसली की धुरळा त्याच्यापर्यंत जायचा. शिंकायचा आणि म्हणायचा, “बठ्ठं बरं शे, अक्का.” सगळं बरंच म्हणे.

दुसऱ्या महिन्यात ताप आला, मग खोकल्यातून रक्त. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं, फुप्फुसात बुरशी वाढलीय. मला लोणच्यावरची बुरशी माहीत. धीर करून विचारलं, “वरची काढून टाकता येत नाही का?” त्यांनी मान हलवली. “धुळीपासून लांब ठेवायला सांगितलं होतं ना? माती, कडबा, असं काही होतं का आसपास?”

धुळीपासून...

मी म्हणाले, “नाही.”

ते म्हणाले, बुरशी हवेत सगळीकडेच असते, कुठून आली ते सांगता येत नाही. त्या एका वाक्याला मी धरून बसलेय. पण खरं सांगितलं असतं तर त्यांनी दुसरं औषध दिलं असतं का? हे आता कुणाला विचारू?

सुमन मुंबईच्या दवाखान्यात त्याच्याजवळ थांबली, मी बैलांसाठी गावी परतले, आणि मग तो फोन आला. दहाव्याला धुळ्याला गेले. ती पांढरी खोली तशीच होती, उशीच्या अभ्र्याची घडीही मोडलेली नव्हती. सुमन म्हणाली, “अक्का, इथं आणलं असतं तरी हेच झालं असतं, हो ना?” मी मान हलवली. कशी हलवली, तिला कळलं की नाही, देव जाणे.

आता पाणी शिंपडल्याशिवाय मी केर काढत नाही. सुमन सोमवारी राहायला येणार आहे. कुट्टीची खोली रिकामी करून मी कुलूप लावलंय. त्याची खुर्ची मात्र माझ्यानं हलववत नाही. ती अजून त्या दाराकडेच तोंड करून आहे.