जनरलचा राजीनामा

इथे आखातात, अल बर्शा स्टेशनवरून सुटणाऱ्या मेट्रोत रोज एक उंच, वयस्क जर्मन गृहस्थ भेटत. जागा असली तरी उभेच राहत.

मी क्रेन तपासते. तडा गेलेली क्रेन पास करायला साहेब सांगत होते.

"आम्ही चौघं तपासनीस मिळून नकार देणार," मी त्या गृहस्थांना म्हटलं. "एकटीने दिला तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास."

चष्मा पुसत ते म्हणाले, "माझे आजोबा एका जनरलच्या हाताखाली होते. हुकूमशहाचं युद्ध टाळायला सगळ्या सेनापतींनी एकदम राजीनामे द्यावेत, असं जनरलचं म्हणणं. शेवटी राजीनामा दिला तो जनरलनी एकट्यानेच. पुढे त्यांनी बंडाचं नेतृत्व केलं. ते फसलं, जीव गेला."

"मग मिळवलं काय?"

"मॅडम, आजोबा नोकरीत राहिले, नव्वदीपर्यंत जगले. गोष्ट मात्र आयुष्यभर जनरलचीच सांगायचे."

बाकीचे तिघे येण्याआधीच मी साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.